अनुकंपा नियुक्ती: अर्जाची तारीख, नावाची निवड आणि फाईल अडते त्या जागा

कागदपत्री

हा धागा महाराष्ट्र शासन आणि जिल्हा परिषदांच्या अनुकंपा नियुक्तीपुरता, म्हणजे सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला मिळणाऱ्या नोकरीपुरता. एसटी, महावितरण, बँका, खासगी अनुदानित शाळा यांचे नियम वेगळे आहेत. रेल्वे-टपालवाल्या जाणकारांनी खाली भर घालावी.

पहिलं म्हणजे 'वडिलांच्या जागी नोकरी' हा शब्दप्रयोग डोक्यातून काढून टाका. जागा वडिलांची नसते आणि ती वारशाने येत नाही. उमेश कुमार नागपाल विरुद्ध हरियाणा राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: कमावता माणूस अचानक गेल्यावर कुटुंबाला त्या संकटातून तरून जाता यावं, एवढाच योजनेचा हेतू. म्हणूनच उशिरा आलेल्या अर्जाकडे कार्यालय आणि न्यायालय दोघेही संशयाने बघतात. इतकी वर्षं निभावलंत, मग संकट कुठे आहे, असा त्यांचा प्रश्न असतो.

नियमांचा सांगाडा असा: मूळ शासन निर्णय २६ ऑक्टोबर १९९४ चा. २२ ऑगस्ट २००५ ला तो बराच आवळला. २१ सप्टेंबर २०१७ ला तोवरचे सगळे आदेश एकत्र केले आणि १७ जुलै २०२५ ला सुधारित धोरण आलं. अर्जात किंवा पत्रव्यवहारात 'शासन निर्णयानुसार' असं मोघम लिहू नका. दिनांक लिहा आणि त्यावरचा संगणक सांकेतांकही लिहा (वर्ष-महिना-दिवसाने सुरू होणारा तो लांबलचक आकडा). त्याने समोरच्या लिपिकाला शोधायला कारण उरत नाही आणि टाळायलाही.

कर्मचारी नियमित नेमणुकीवर आणि सेवेत असताना गेलेला हवा. कंत्राटी, रोजंदारी यात बसत नाहीत. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला तरी योजना लागू नाही. पूर्वी गंभीर आजारामुळे वैद्यकीय कारणास्तव निवृत्त झालेल्यांच्या घरच्यांनाही मिळायची, ते २००५ ला बंद झालं. गट अ आणि ब च्या अधिकाऱ्यांची कुटुंबं २०२१ च्या निर्णयाने आत आली, १ जानेवारी २०२० पासूनच्या मृत्यूंसाठी. नोकरी मात्र गट क किंवा ड मध्येच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रतीक्षासूचीतला क्रमांक मृत्यूच्या तारखेवर ठरत नाही, परिपूर्ण अर्जाच्या तारखेवर ठरतो. फेब्रुवारीत अर्ज दिला, त्रुटी निघाली, ती ऑक्टोबरमध्ये पुरी केली, तर तुमची तारीख ऑक्टोबर. मधल्या आठ महिन्यांत आलेले सगळे तुमच्या पुढे. या धाग्यात बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

निशिगंध

वाचनखूण साठवली. एक समजा-प्रश्न विचारते, कारण अशी घरं बरीच असतात. पती जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक, सेवेत असताना वारले. पत्नी ४३ वर्षांची, दहावी पास. मुलगी २४, पदवीधर, लग्न झालेलं. मुलगा १६, अकरावीत. अर्ज कुणाच्या नावाने करावा? सगळे नातेवाईक म्हणतात, 'मुलगा मोठा होईपर्यंत थांबा.'

कागदपत्री

नातेवाईकांचं हेच ऐकून सगळ्यात जास्त फाईली मरतात.

पत्नीचं आधी बघू. वयाची कमाल मर्यादा ४५, २०१० च्या आधी ती ४० होती. ४५ पूर्ण झाले की सूचीतून नाव निघतं, क्रमांक दुसरा असला तरी. म्हणजे वहिनींच्या हातात दोन वर्षं. त्या जिल्हा परिषदेची सूची दोन वर्षांत तिथवर सरकते का, हे आधी बघायचं. बऱ्याच जिल्हा परिषदा सूची संकेतस्थळावर टाकतात. मागच्या तीन वर्षांत किती जणांना आदेश निघाले ते मोजा, म्हणजे अंदाज येतो.

मुलगी: विवाहित मुलीला २०१३ मध्ये अटींसह घेतलं आणि नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयाने दार आणखी उघडलं. २४ वय, पदवी, म्हणजे गट क साठी सरळ पात्र आणि हातात एकवीस वर्षं. कागदावर सगळ्यात भक्कम नाव तिचंच. फक्त आई आणि भावाला सांभाळण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निव्वळ शोभेचं नसतं. सांभाळलं नाही अशी तक्रार झाली तर नोकरीवर बेतू शकतं. काही कार्यालयं पतीचंही संमतिपत्र मागतात.

मुलगा: अज्ञान वारसाला सज्ञान झाल्यावर ठरावीक मुदतीत अर्ज करता येतो. पण आज १६, म्हणजे दोन वर्षांनी अर्ज आणि ज्येष्ठता त्या दिवसापासून. शिवाय घरात दुसरं पात्र माणूस असताना थांबलात, हे फाईलवर येतं ते वेगळंच.

बोरूबहाद्दर

कागदपत्रींशी बहुतांशी सहमत, पण एक मुद्दा राहिला. आत्ता आईचं नाव द्या, ४५ च्या आधी मुलाचं लावून घेऊ, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा इतिहास माहीत हवा.

२० मे २०१५ च्या निर्णयानुसार सूचीतल्या उमेदवाराचा मृत्यू झाला तरच दुसऱ्या वारसाचं नाव घेता येत होतं. एरवी बदल नाही. मार्च २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे बंधन अवाजवी ठरवलं. त्यावर मतभेद झाले, प्रकरण पूर्णपीठाकडे गेलं आणि मे २०२४ मध्ये नागपूरच्या पूर्णपीठाने नावबदलाच्याच बाजूने कौल दिला. तेव्हा 'नाव बदलताच येत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं तर ते मान्य करून घरी परतू नका, लेखी मागा. पण नावबदलाचा अर्ज मूळ नाव सूचीत जिवंत असताना द्या. वय उलटून नाव कमी झाल्यावर दिलेला अर्ज म्हणजे आ बैल मला मार.

आणि तारीख मोजताना घोळ घालू नका. जन्म १२ जून १९८१ असेल तर ४५ पूर्ण होतात १२ जून २०२६ ला. नावबदलाचा अर्ज त्या महिन्यात नाही, किमान सहा-आठ महिने आधी आवक झालेला हवा.

निशिगंध

म्हणजे मुलगी तयार असेल तर मुलगीच?

बोरूबहाद्दर

तयार असेल आणि आई-मुलगा ना हरकत द्यायला राजी असतील तर हो. घरात वाद असेल तर तो वाद अर्जाआधी मिटवा. एकाच कर्मचाऱ्यामागे दोन अर्ज आले की कार्यालय दोन्ही बाजूला ठेवतं आणि 'न्यायालयातून वारस ठरवून आणा' म्हणतं. त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

मोडीलिपी

कागदांबद्दल लिहितो, कारण 'परिपूर्ण' या शब्दाची खरी लढाई तिथे होते.

वारसाचे तीन निरनिराळे कागद लोक एकच समजतात. तहसील किंवा तलाठ्याकडून मिळणारा कुटुंबाचा दाखला वेगळा. दिवाणी न्यायालयातून मुंबई विनियम ८, सन १८२७ खाली मिळतं ते वारस प्रमाणपत्र. आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणी आणि रोखे यांच्यासाठी. तुमचं कार्यालय नेमका कोणता कागद मान्य करतं हे पहिल्या आठवड्यात लेखी विचारा. न्यायालयातला असेल तर वर्तमानपत्रात नोटीस, हरकतींची मुदत वगैरे धरून काही महिने जातात. म्हणून दिवसकार्य उरकल्याबरोबर तो अर्ज टाकायचा. पेन्शनची कागदपत्रं झाली की बघू, असं करू नका.

दुसरी जागा म्हणजे नावं. सेवापुस्तकात पत्नी 'सुमन', आधारवर 'सुमनबाई', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं 'कुसुम'. तीन कागद, तीन बायका! लिपिक त्रुटी काढणारच आणि त्यात त्याची चूक नाही. सेवापुस्तकातलं कुटुंबाचं पान आणि नामनिर्देशनाचा नमुना यांच्या साक्षांकित प्रती आधी मागून घ्या. त्यात काय लिहिलंय ते बघून बाकीचे कागद जुळवा. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पण अर्जदाराच्या स्वतःच्या नावात फरक असेल तर सरळ राजपत्रात बदल करून घ्या.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० चा मुद्रांक आणा म्हणणारे भेटतील. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. पण कागदासाठी फाईल आठ दिवस थांबत असेल तर वाद घालायचा की ५०० भरायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गोदाकाठ

+१. लहान कुटुंबाबद्दलही लिहा. तिथे भले भले चुकतात.

मोडीलिपी

बरोबर, तिथे दोन वेगळ्या चाळण्या आहेत.

एक मृत कर्मचाऱ्याची: ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर कुटुंब अपात्र. हा २८ मार्च २००१ चा शासन निर्णय.

दुसरी अर्जदाराची स्वतःची. २००५ च्या लहान कुटुंब प्रतिज्ञापन नियमांप्रमाणे, २८ मार्च २००६ पासून पुढे झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनाच्या वर गेली तर शासकीय सेवेला अपात्र. एक मूल असताना दुसऱ्या खेपेला जुळी झाली, तर ती एकच धरतात.

पत्नी अर्जदार असेल तर दोन्ही चाळण्या तिलाच लागतात. मुलगा असेल तर पहिली वडिलांच्या अपत्यांवर, दुसरी त्याच्या. शिधापत्रिकेवर चार मुलं आणि प्रतिज्ञापत्रात दोन, असं दिसलं की नियुक्तीनंतरसुद्धा चौकशी लागते. चार असतील आणि सगळी २००१ च्या आधीची असतील तर लपवायचं कारणच नाही. जन्मतारखांचे दाखले जोडा आणि मोकळे व्हा.

सह्याद्रीपलीकडे

दुसऱ्या पत्नीच्या मुलांचं काय?

मोडीलिपी

पहिलं लग्न कायम असताना झालेल्या दुसऱ्या विवाहाच्या पत्नीचा दावा अवघड. तिच्या मुलांचा वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन्ही रेल्वेच्या प्रकरणांत, सांगितलं की केवळ दुसऱ्या पत्नीचं अपत्य म्हणून दार बंद करता येणार नाही. मात्र बाकी निकष आहेत तसेच आणि पहिल्या घरची ना हरकत हा व्यवहारातला डोंगर तसाच.

रूळवाला

केंद्राचं थोडक्यात. कार्मिक विभागाचं एकत्रित कार्यालयीन ज्ञापन १६ जानेवारी २०१३ चं होतं, सुधारित २ ऑगस्ट २०२२ चं. थेट भरतीच्या गट क जागांपैकी ५%. महाराष्ट्रासारखी नुसती तारखेवार रांग नाही, १०० गुणांचा तक्ता असतो: कुटुंब निवृत्तिवेतन किती, मृत्यूनंतर मिळालेली रक्कम किती, घरात कमावतं कोण, मालमत्ता, अवलंबून असलेली माणसं, अविवाहित मुली, अज्ञान मुलं, उरलेली सेवा. म्हणजे इथे उत्पन्नाचा रकाना चुकला तर गुण जातात. वैद्यकीय कारणाने ५५ च्या आत निवृत्त झालेल्यांची कुटुंबंही केंद्रात धरतात. बहुउद्देशीय कर्मचारी पदासाठी विधवेला शिक्षणाची अट शिथिल होते. रेल्वे आपल्या स्वतंत्र नियमांनी चालते, तिथे ५% ची वेसण नाही.

राज्याचे आणि केंद्राचे नियम एकमेकांत मिसळून दिलेले चलचित्र-सल्ले फार फिरतायत. सांभाळून.

बिंदू_नामावली

२०% बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कोटा ५% चा १०% आणि सप्टेंबर २०१९ मध्ये २०% झाला. हे २०% मंजूर पदांचे नाहीत, गट क आणि ड मध्ये सरळसेवेने (पदोन्नतीने नव्हे, थेट भरतीने) भरायच्या रिक्त पदांचे आहेत. कार्यालयात २०० मंजूर पदं, त्यातली सरळसेवेची रिक्त ३५, तर अनुकंपाला ७. लोक २०० चे २०% काढून ४० जागा मागतात आणि मग भांडणाला पहिल्या वाक्यापासूनच धार उरत नाही.

छोट्या कार्यालयाचं दुखणं वेगळं. रिक्त पदं दोन-तीन असली की २०% म्हणजे एक पूर्ण पदसुद्धा होत नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या कार्यालयाची सूची वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडच्या सामायिक सूचीत नाव पाठवलं का, हे विचारायचं. 'पाठवलं' या तोंडी उत्तराला किंमत नाही, जावक क्रमांक मागा. जिल्हा परिषदेची सूची मात्र त्यांची त्यांच्याकडे, सामान्य प्रशासन विभागात असते.

बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची नोंदवही) तपासलेली नसेल तरी आदेश अडतो. अनुकंपाने आलेला माणूसही त्याच्या प्रवर्गाच्या बिंदूवर दाखवावा लागतो. मागास प्रवर्गातल्या उमेदवाराने जात वैधता प्रमाणपत्राचं काम सूचीत असतानाच सुरू करावं, आदेशाची वाट बघू नये.

निशिगंध

अर्जात पद कोणतं लिहायचं?

बिंदू_नामावली

'फक्त लिपिक' असं लिहून स्वतःला कोंडू नका. 'शैक्षणिक अर्हतेनुसार गट क, उपलब्ध नसल्यास गट ड मधील कोणत्याही पदावर' असं लिहा. मात्र एकदा गट ड स्वीकारलं की नंतर अनुकंपावरच गट क द्या, हे चालत नाही. तिथून पुढे इतरांसारखी पदोन्नतीची वाट. पदवी जवळ आली असेल आणि घर तग धरू शकत असेल तर हा विचार आधी करा. सूचीत असताना शिक्षण वाढलं तर गुणपत्रक जोडून लेखी कळवा. सूचीतल्या रकान्यात 'बारावी' असेल तर तुमची पदवी कुणाला स्वप्नात दिसणार नाही.

कागदपत्री

पोच. यावर एक परिच्छेद खर्चतो.

अर्ज मृत कर्मचारी शेवटी जिथे होता त्या कार्यालयप्रमुखामार्फत नियुक्ती प्राधिकाऱ्याला. दोन संच करायचे, पानांना क्रमांक घालायचे आणि शेवटी जोडपत्रांची यादी: 'एकूण पृष्ठे ३४'. ओळखीच्या लिपिकाच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर गोल शिक्का, त्यात आवक क्रमांक, तारीख आणि सही. शिक्का बऱ्याचदा अर्धवट उमटतो, तारखेचा आकडाच नेमका पुसट. तिथल्या तिथे पेनाने लिहून घ्या. पुढे कधी 'तुमचा अर्ज मुदतीत नव्हता' हा वाद झाला तर तो शिक्का आणि ते पृष्ठ ३४ एवढीच तुमची बाजू असते.

मुदतीचं: २००५ पासून मुदत मृत्यूपासून एक वर्ष होती. नंतर विलंब माफीच्या सवलती येत गेल्या, मुदतही वाढली, पण विलंब माफी म्हणजे फाईल मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागापर्यंत जाणार. मुदत वाढली म्हणून कुणी थांबावं असं त्यात काहीही नाही. वर्षाच्या आत द्या, संपलं.

योजनेची माहिती कुटुंबाला कळवणं हे आस्थापना शाखेचं काम आहे आणि तसं कळवल्याची पोच फाईलला असायला हवी. उशीर झालाच असेल तर ही पोच फाईलमध्ये आहे का ते माहिती अधिकारात मागा. नसेल तर विलंब माफीसाठी तो तुमचा पहिला मुद्दा.

गोदाकाठ

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा यावर: महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यामुळे 'माझ्यावर अन्याय का झाला' असं विचारू नका, नुसत्या प्रती मागा. (१) अमुक दिनांकाची अनुकंपा प्रतीक्षासूची, गट क व ड. (२) मागील तीन वर्षांत सरळसेवेची रिक्त पदं आणि २०% ची गणना असलेली टिप्पणी. (३) त्या काळात दिलेले अनुकंपा आदेश, उमेदवाराच्या अर्ज दिनांकासह. तिसरा कागद सगळ्यात बोलका. तुमच्यानंतरच्या तारखेच्या माणसाला आधी आदेश मिळाला असेल तर तो तिथेच दिसतो. शुल्क १० रुपये, ३० दिवसांत उत्तर नाही तर प्रथम अपील, २० रुपये.

सह्याद्रीपलीकडे

आणि उत्तर नकारार्थी आलं तर?

बोरूबहाद्दर

राज्य शासनाचं कार्यालय असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: मुंबई, नागपूर, औरंगाबाद. अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत. निवेदनाला उत्तरच नसेल तर सहा महिने वाट बघायची आणि तिथून एक वर्ष. जिल्हा परिषद न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही, तिथे थेट उच्च न्यायालय. लोक चुकीच्या दारात वर्षभर बसतात.

निवेदनामागून निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही. पहिला नकार मिळाला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं.

झाडूखराटा

सफाई कामगारांच्या घरच्यांनी हा धागा वाचून गोंधळू नये. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्यांची वारसा नियुक्ती ही वेगळी व्यवस्था आहे. तिथे निवृत्तीनंतर किंवा स्वेच्छानिवृत्तीनंतरही वारसाला संधी आहे आणि ती २०% च्या रांगेत उभी नसते. नगरपालिकेत सफाई कामगाराच्या मुलाचा अर्ज 'अनुकंपा' मथळ्याखाली दिला, की फाईल चुकीच्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते. मथळ्यातच 'लाड-पागे समिती शिफारशीनुसार वारसा नियुक्ती' असं लिहा.

निशिगंध

'यादीत वर घेतो' म्हणून पैसे मागणारे फिरतात, त्यावर?

बिंदू_नामावली

सूची तारखेने लागते, वर घेता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळी हजारो अनुकंपा आदेश वाटले गेले, तेव्हाही 'आम्ही काढून दिला' म्हणणारे उगवले होते. ज्याचा क्रमांक येणारच असतो त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि ज्याचा येत नाही त्याला पुढच्या वर्षाचं गाजर दाखवायचं, असा तो धंदा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

कागदपत्री

आदेश हातात आल्यावरचं तेवढं राहिलं. रुजू होण्याची मुदत आदेशात असते, ती चुकवू नका. अडचण असेल तर मुदतीच्या आत लेखी वाढ मागा. वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी इतरांसारखीच. लिपिक-टंकलेखक असाल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. अनुकंपावाल्यांना ते नंतर आणायला मुदत मिळते, ती आदेशाच्या अटींमध्ये लिहिलेली असते. सूचीत वाट बघण्याच्या काळात ते प्रमाणपत्र आणि एमएससीआयटी उरकून ठेवा. आणि वडिलांना जुनं निवृत्तिवेतन होतं म्हणून तुम्हाला मिळणार नाही. तुमची सेवा नव्याने सुरू होते, १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या नेमणुकीचे नियम लागतात. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र तुमच्या नोकरीमुळे थांबत नाही.

निशिगंधताई, त्या घरासाठी उद्याचं काम एकच: सेवापुस्तकातलं कुटुंबाचं पान मागणारा अर्ज आवक शाखेत टाकायचा.